दमा आणि घाबरलेला जीव: या चुका टाळा

सोयाबीन निघालं की गावात थ्रेशर सुरू होतात आणि आईचा दमा उठतो, हे दरवर्षीचंच. पण बाबा गेले त्या वर्षी थ्रेशर बंद झाले तरी तिची धाप थांबेना. रात्री तीनला उठून भिंतीला टेकून बसायची. "जीव घाबरून रायला वं बाई," एवढंच म्हणायची. आम्ही प्रत्येक वेळी धाप लागल्यावर ओढायचा निळा पंप हातात द्यायचो. दिवसातून आठ-दहा वेळा.

तिथंच चुकलं. त्या पंपातलं सालब्युटामॉल श्वासनलिका मोकळी करतं, पण जास्त झालं की छाती धडधडते, हात थरथरतात. माणूस आणखी घाबरतो आणि पुन्हा पंपच मागतो. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा तो लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना दाखवा.

घाबरणं कोणतं आणि दमा कोणता? दम्यात बहुधा खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते. नुसता जीव घाबरला तर बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. दोन्ही एकत्रही येतात, म्हणून शंका असेल तर पंप घ्यायचाच. आम्ही पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं साधन, आणलं. फुंकल्यावर आकडा नेहमीचा आला की आईचा निम्मा घोर उतरायचा. वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडले, तर आकडा बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

धडधडीवर कुणाची तरी गोळी मागून घेणं ही त्याहून मोठी चूक. प्रोप्रानोलॉलसारख्या गोळीनं दमेकऱ्याची श्वासनलिका आवळते, जिवावर बेतू शकतं. झोपेची गोळीही मनानं देऊ नका. दमा आहे हे प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा.

निळ्याहून वेगळा, दमा आटोक्यात ठेवणारा रोजचा पंप मात्र आईनं सोडलाच होता. "काय रायलं आता घेऊन?" म्हणायची. आम्हाला तो हट्ट वाटला. ते नैराश्य होतं. पंप चुकला की रात्री धाप, धाप लागली की झोप नाही, झोप नाही की मन आणखी खचतं. अशा माणसाला "मन घट्ट कर" म्हणून काही होत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पहिल्या फोनला आई नुसती रडली. दुसऱ्यांदा बाबांबद्दल बोलली.