‘आज एकदम शांत आहेत’ : आजारी म्हातारी माणसं आणि ऑपरेशनची मुलं सांभाळताना या चुका टाळा

नोकरीची पहिली बारा वर्षं मी मुलांच्या सर्जिकल वॉर्डात काढली, त्यानंतरची सगळी वृद्धांच्या केअर सेंटरमध्ये. लोक म्हणतात, ही तर दोन टोकं. मला ते एकच काम वाटतं. दोन वर्षांच्या मुलाला काय किंवा डिमेन्शिया झालेल्या आजोबांना काय, ‘सिस्टर, तुम्ही चुकीचं औषध देताय’ असं म्हणता येत नाही. त्यांच्या वाटचं आपल्यालाच बघावं लागतं, आणि बघायला वेळ लागतो. घाई नेमकी तिथेच केली जाते. दर नव्या बॅचला तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून आता लिहून काढते आहे.

शांत पेशंट म्हणजे बरा पेशंट

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि मी स्वतः केलेली.

आमच्याकडे एक आजोबा होते. दिवसभर ‘दार उघडा, मला जायचंय’ असा धोशा. एका दुपारपासून आवाज बंद झाला. संध्याकाळी पाळी बदलताना हँडओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, देणारी दिवसपाळीची नर्स मुलगी खुशीत होती : “आजोबा आज एकदम शांत आहेत. डायपरसुद्धा कोरडा, दुपारपासून बदलावा लागला नाही.” सगळा घोळ त्या दोन वाक्यांतच होता. तो तिला कळला नाही आणि मलाही नाही. मी मान डोलावली आणि किल्ल्या घेतल्या.

साडेनऊला औषध द्यायला गेले. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडले, परत मिटले. बोटांचा चादरीशी चाळा चालू होता. पांघरूण बाजूला केलं तर बेंबीच्या खाली पोट टम्म फुगलेलं, हात लावताच कण्हले. लघवी तुंबली होती. डॉक्टरांना बोलावलं, कॅथेटर (लघवीची नळी) घातला, सव्वा लिटर लघवी निघाली. कोरड्या डायपरचं कौतुक करत आम्ही दोघी त्यांना तसंच ठेवणार होतो.

कारण शोधलं तर दोन दिवसांपूर्वी सर्दीसाठी सुरू केलेली गोळी निघाली. झोप आणणारी, जुन्या पिढीतली अँटीहिस्टामिन, म्हणजे सर्दी-ॲलर्जीवरची. आधीच प्रोस्टेट वाढलेली, त्यात लघवी अडवणारी ही गोळी. म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची बीअर्स यादी १९९१ साली निघाली, आणि ती मुळात नर्सिंग होममधल्या वृद्धांसाठीच केली होती. या गोळ्या तिच्यात आहेत. तरीही ‘साधी सर्दीचीच तर गोळी’ असं म्हणत ती पोटात जातेच.

डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा बुद्धीचा गोंधळ, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सलाईन उपटणारा, ओरडणारा पेशंट येतो. गुपचूप पडून राहणारा डिलिरियमही असतो, आणि नजरेतून सुटतो तो हाच, कारण तो कोणाला त्रास देत नाही. त्या रात्रीपासून हँडओव्हरला ‘शांत’ हा शब्द मी ऐकून घेत नाही. शेवटची लघवी किती वाजता, शौच कोणत्या दिवशी, पाणी किती प्याले आणि कालच्यापेक्षा आज काय वेगळं, एवढं सांगा. मुली तोंड वाकडं करतात. करू देत.

ऑपरेशन होऊन आलेल्या मुलाचंही तसंच. ठणाणा रडणाऱ्या मुलाची मला फारशी धास्ती नसते, रडायलाही दम लागतो. जे मूल सुई टोचली तरी हात मागे घेत नाही, त्याच्याकडे मी पळत जाते. मुलांचं बीपी फार उशिरा पडतं. त्याआधी नाडी वाढते, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात. मॉनिटरवर बीपी नॉर्मल आहे म्हणून खुर्चीत बसून राहणारे लोक मला सहन होत नाहीत.

‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय दुखणं’

हे अजून ऐकू येतं म्हणून लिहिते. १९८७ साली के. जे. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना हृदयाजवळच्या ऑपरेशनमध्ये फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं, तर शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. तोवर अशा बाळांना अगदी जुजबी भूल देऊन ऑपरेशनं होत असत. आता तर बोलता न येणाऱ्यांसाठी मोजपट्ट्याही आहेत. लहान मुलांना फ्लॅक : चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत पटणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. डिमेन्शियाच्या पेशंटला पेनॅड, तीही साधारण अशीच. काही मिनिटांचं काम. आजींना तिनदा ‘दुखतंय का?’ विचारून ‘नाही’ लिहू नका. कूस बदलताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.

वजन अंदाजे, डोस अंदाजे

मुलाचं वजन आईला विचारून लिहू नका. मागच्या ॲडमिशनच्या कागदावरून उतरवू नका. काट्यावर उभं करा, उभं राहत नसेल तर आईसकट घ्या आणि आईचं वजा करा. लहान मुलाचा प्रत्येक डोस त्या एका आकड्यावर उभा असतो.

आणि एकक लिहा. एकक! बारा किलोचं मूल होतं, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. शिरेतून द्यायचं पॅरासिटामोल, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. कागदावर नुसतं ‘१८०’. नवी मुलगी कपाटाशी आली आणि म्हणाली, “सिस्टर, अजून एक बाटली द्या ना, एक पुरत नाहीये.” मी बिल लिहीत होते, हात किल्लीकडे गेलासुद्धा. मग डोक्यात आलं : बाटली शंभर मिलिलिटरची, पूर्ण वाढलेल्या माणसाला एका वेळी एक पुरते, मग या पोराला दोन कशा लागतील? तिने १८० मिलिलिटर वाचलं होतं. औषध मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे द्यायचे होते १८ मिलिलिटर. दहापट गेलं असतं, सरळ यकृतावर.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी सांगते, पटल्या तर घ्या. मुलासाठी मोठ्यांची बाटली मी टांगतच नाही, लागेल तेवढं सिरिंजमध्ये ओढून घेते. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहिते. ‘.५’ कधी नाही, ‘०.५’. आणि ‘५.०’ही नाही, नुसतं ‘५’. टिंब पुसट झालं की दहापटीचा फरक पडतो. दुसऱ्या सिस्टरने हिशेब तपासायचा तर तिने स्वतः नव्याने करायचा. माझं उत्तर बघून ‘बरोबर’ म्हणणारी मला नको. आणि मुलासाठी दुसरी ॲम्प्युल किंवा दुसरी बाटली फोडावी लागली की हात थांबलाच पाहिजे.

बाकीच्या, पटापट

मूल सकाळी दहाच्या ऑपरेशनसाठी आदल्या रात्रीपासून कोरडं उपाशी ठेवू नका. जडान्नाला सहा तास, आईच्या दुधाला चार. साधं पाणी दोन तासांपर्यंत चालतं, बऱ्याच ठिकाणी आता एका तासापर्यंत देतात. भूलतज्ज्ञाला विचारा, स्वतःच्या मनाने वाढवू नका.

सर्दी-खोकला लपवू नका. ‘तारीख जाईल’ म्हणून आईबाप लपवतात, आणि मग भुलेच्या वेळी श्वासनलिका आवळून बसते.

सहा-सात वर्षांच्या मुलाचे दात हलवून बघा. हसू नका, भूल देताना हलणारा दात घशात जातो.

टॉन्सिल काढलेल्या मुलाला कोडीन हे वेदनाशामक नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचं भराभर मॉर्फिन होतं आणि श्वास मंदावतो.

‘एसआर’ (हळूहळू सुटणारी) लिहिलेली गोळी कुटून पेजेत मिसळू नका, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून औषध बदलून घ्या.

आजी पडतील म्हणून पलंगाचे दोन्ही कठडे वर करून निघून जाऊ नका. ज्यांना उतरायचंय त्या कठड्यावरून चढून उतरतात, आणि मग जास्त उंचीवरून पडतात. पलंग खाली करा, रात्री उठवून लघवीला न्या.

माकडहाडावरचा लालसर डाग चोळू नका. दाबून बघा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती बेडसोअरची सुरुवात आहे. मधे भोक असलेली गोल उशीसुद्धा नको. आणि कूस बदलल्याचा तक्ता, दहा, बारा, दोन, चार, सगळ्या सह्या एकाच पेनाने एकाच दमात केलेल्या मला लांबूनही ओळखू येतात. पाठ खोटी सही करत नाही.

टाइम आउटच्या वेळी पुटपुटणं

टाइम आउट म्हणजे चिरा देण्याआधी सगळ्यांनी थांबून पेशंट, ऑपरेशन आणि जागा तपासणं. तो ज्या यादीत आहे ती जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल चेकलिस्ट २००८ मध्ये आली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आलं. एवढं करून आपण काय करतो? एक जण मंत्र म्हटल्यासारखं वाचतो, बाकीचे ग्लोव्ह्ज घालत ‘हं, हं’ करतात. उजवं की डावं हे मोठ्याने विचारा. ऑपरेशनच्या जागेवरची खूण सर्जननेच आणि मूल जागं असताना, आईबापांसमोर केलेली हवी. सर चिडले तर चिडले.

चिडण्याला भिऊन गप्प बसलं की काय होतं, ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयात दिसलं. तिथल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचं काहीतरी चुकतंय हे स्टीफन बोल्सिन हा भूलतज्ज्ञ १९९० पासून सांगत होता. चौकशीचा अहवाल आला २००१ मध्ये : १९९१ ते १९९५ या काळात, एक वर्षाखालची अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ मुलं जास्त दगावली होती.

त्या दुसऱ्या बाटलीवरून परत सांगायचं राहिलं. ती मुलगी मोठ्याने मागायला आली म्हणून चूक सापडली. मुकाट्याने कपाट उघडून घेतली असती तर? आणि मी काय केलं, तर सगळ्या वॉर्डासमोर तिला झाडलं. पुढचे दोन आठवडे ती मला काही विचारायला आली नाही. अडलं की माझ्या टेबलावरून पुढे जाऊन शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरना विचारायची.