छोट्या टनेजची रसायनं देशातच बनवताय? या चुका टाळा

आयात होणारं रसायन इथे बनवायचं ठरलं की सगळे आधी आयातीचे आकडे काढतात, आणि पहिली गफलत तिथेच होते. एचएस कोडच्या (आयात-निर्यातीत मालाला दिलेला आकडी कोड) 'इतर' या ओळीत कितीतरी वेगवेगळी रसायनं एकत्र मोजलेली असतात. त्यातले शंभर टन तुमच्याच मालाचे समजू नका. खरी मागणी गिऱ्हाइकाकडे कळते. त्यातही परचेसवाला फक्त भाव सांगेल. क्यूसीवाला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणारा, कोणती अशुद्धी किती चालते ते सांगेल. त्याला आधी भेटा.

लॅबची वेळ प्लांटला लावणं

लिटरभराचं भांडं त्याच आकारात १००० लिटरचं केलं, तर माल हजारपट होतो, पण थंड करणारी भिंत शंभरपटच. म्हणून बर्फात वीस मिनिटांत उरकणारं ॲडिशन (एक रसायन दुसऱ्यात थोडं थोडं सोडणं) प्लांटच्या रिॲक्टरवर सहा-आठ तास चालतं. तेवढ्या वेळात माल काळवंडतो का, हे लॅबमध्येच मुद्दाम आठ तास लावून बघा.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची. उष्णतेच्या भीतीने ऑपरेटर तापमान गरजेपेक्षा खाली ठेवतो. रिॲक्शन थंडावते, पण डोसिंग (रसायन आत सोडणं) चालूच. न वापरलेला माल आत साचत जातो आणि मग सगळा एकदम उसळतो. तापमान चढल्यावर डोसिंग आपोआप बंद करणारा इंटरलॉक बहुतेक ठिकाणी असतो. तापमान फार उतरलं किंवा स्टरर (ढवळणारा पंखा) थांबला तरीही डोसिंग बंद पडलं पाहिजे.

'इतक्या बॅच झाल्या, काही झालं नाही' हा युक्तिवाद तर ऐकूच नका. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टी-टू लॅबोरेटरीजमध्ये १९ डिसेंबर २००७ रोजी कूलिंग बंद पडून रिॲक्टर फुटला, चार जण गेले. ती १७५वी बॅच होती.

बॅच झाली, पण माल सेंट्रिफ्यूजवर अडला

सेंट्रिफ्यूज म्हणजे गरगर फिरवून स्फटिक आणि द्रव वेगळे करणारं यंत्र. त्यात केक (स्फटिकांचा थर) चिखलासारखा बसतो, मदर लिकर (उरलेला द्रव) निघत नाही, ड्रायर ओला माल घेऊन दोन दिवस अडकतो. अशा वेळी लोक मोठं सेंट्रिफ्यूज मागवतात. बहुतेकदा दोष कूलिंगच्या घाईत असतो: सप्पकन थंड केलं की स्फटिक बारीक पडतात. योग्य तापमानाला सीड (तयार मालाचे थोडे स्फटिक) टाका, तासाला पाच-सात अंशांनी उतरवा, मग पुन्हा बघा.

पहिल्या बॅच पास, पुढच्या नापास

रिकव्हर केलेलं, म्हणजे पुन्हा वापरायला परत मिळवलेलं, सॉल्व्हंट (द्रावक) तपासा. एखादी अशुद्धी दर फेरीला थोडी थोडी साचत असते. रंग येत असेल तर नायट्रोजन ब्लँकेट (हवा दूर ठेवणारा नायट्रोजनचा थर) आणि गंजलेली पाइपलाइन बघा. अमाइन, फिनॉल यांना हवा आणि लोखंड सोसत नाही. आणि एआर ग्रेडच्या (लॅबसाठीच्या अतिशुद्ध) कच्च्या मालातून बनवलेलं सुंदर सॅम्पल गिऱ्हाइकाला देऊ नका. ते पास होईल, हीच पंचाईत. ड्रममधल्या कमर्शियल मालातून सलग तीन बॅच काढा आणि ते सॅम्पल द्या.

वीस प्रॉडक्टचा कॅटलॉग

मोह असतो, मान्य. पण विनती ऑर्गेनिक्सने नाव कमावलं ते मुख्यतः दोन रसायनांवर: महाडचं आयबीबी (आयबुप्रोफेनचा कच्चा माल) आणि लोट्याचं एटीबीएस (पॉलिमर बनवायचं रसायन). शिवाय एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) कन्सेंटमध्ये, म्हणजे परवानगीपत्रात, प्रत्येक प्रॉडक्ट आणि त्याचं प्रमाण लिहिलेलं असतं. त्यात नसलेला माल 'ट्रायल' म्हणून काढलात, तर त्याचं सांडपाणी ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) झेपेल याची खात्री नसते. सांडपाण्याचा सीओडी (त्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आणि क्षार लॅबच्या बॅचवरच मोजून घ्या, रिॲक्टरची ऑर्डर त्यानंतर.