सुखाची नोकरी सोडायची कधी? घणसोली-ऐरोली केलेल्या बाईचा हिशोब

मी नवी मुंबईत ऐरोलीला एकाच कंपनीत साडेसात वर्षं काढली. घणसोलीहून रबाळे सोडलं की ऐरोली, दोनच स्टेशनं, घर ते डेस्क पंचवीस मिनिटं, सहा दहाची ट्रेन पकडली की पावणेसातला कुकर लावलेला असायचा. बॉस चांगला, सुट्टी मागितली की मिळायची, टीममधल्या मुली मैत्रिणीच झालेल्या. अशी नोकरी सोडायची म्हटल्यावर आई म्हणाली "सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस", आणि खरं सांगायचं तर तिचं चुकीचं नव्हतं. म्हणून हे लिहितेय, कारण त्रासाची नोकरी सोडायला कुणाला सल्ला लागत नाही, चांगल्या चाललेल्या नोकरीचंच कळत नाही.

पहिलं म्हणजे कंटाळा आला म्हणून सोडायची हे डोक्यातून काढा. कंटाळा सगळीकडे येतो, नवीन जागी सहा महिन्यांनी येतो एवढाच फरक. आणि आराम म्हणजे आळस असंही नाही हां. माझी मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा मला ती पंचवीस मिनिटांचीच नोकरी हवी होती, त्या दोन-तीन वर्षांत कुणी दुप्पट पगार दिला असता तरी मी गेले नसते. घरात लहान मूल, आजारी माणूस, नुकतंच घेतलेलं घर, असं काही असेल तर थांबणं हा पण निर्णयच आहे, फक्त तो घेऊन थांबा, नुसतं राहून गेलं म्हणून राहू नका.

मग बघायचं काय? मी एक कागद घेतला (खरंच कागद, एक्सेल उघडलं की ऑफिसचं काम आठवतं) आणि मला येणाऱ्या सगळ्या गोष्टी लिहिल्या. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न, ही गोष्ट कंपनीच्या गेटबाहेर माझ्यासोबत येते का? आमच्याकडे एक जुनं इन-हाऊस सॉफ्टवेअर होतं, त्याचा कोपरान् कोपरा मला पाठ, कुठला रिपोर्ट कुठल्या दिवशी अडकतो, कुणाला फोन केला की सुटतो, अप्रूव्हल कुणाच्या मागे लागून घ्यायचं. सगळा फ्लोअर मला विचारायला यायचा आणि मला फार भारी वाटायचं. कागदावर आल्यावर दिसलं की चौदातल्या दहा गोष्टी गेटवरच राहतात! बाहेर ते सॉफ्टवेअर नाही, ती माणसं नाहीत, त्या अप्रूव्हलशी कुणाचं देणंघेणं नाही. उरल्या चार, त्यातल्या दोन मी पहिल्या दोन वर्षांतच शिकले होते. म्हणजे पाच वर्षं मी हुशार होत नव्हते, तर त्या एका जागेला फिट्ट होत होते. त्या दिवशी पोटात गोळा आला तो अजून आठवतो.

तुमच्या कागदावर निम्म्याहून जास्त गोष्टी बाहेर येत असतील आणि मागच्या वर्षात त्यात एखाददोन नवीन आल्या असतील तर आरामात राहा, कुणी काही म्हणू दे. सलग दोन अप्रेझलमध्ये तुम्ही "या वर्षी काय शिकले" या रकान्यात मागचंच कॉपी-पेस्ट केलं असेल तर मात्र घंटा वाजली समजा.

तरी लगेच नोकरी नाही सोडायची. आधी आतच मागून बघा, दुसरी टीम, दुसरं टूल, क्लायंटसमोर बसायचं काम. स्पष्ट मागा आणि तारीख मागा. "बघू पुढच्या क्वार्टरला" हे दोनदा ऐकलं की उत्तर मिळालं. मी तिसऱ्यांदा पण थांबले, तेवढे चार महिने फुकट गेले.

दुसरीकडे इंटरव्ह्यू द्यायला लागा, जायचं नसलं तरी. हे मला कुणीतरी पाच वर्षं आधी सांगायला हवं होतं. माझा पहिला इंटरव्ह्यू महापेला होता आणि इतका वाईट गेला की बाहेर येऊन मी रिक्षात दहा मिनिटं गप्प बसले होते. त्यांनी जे तीन टूल विचारले त्यातलं एकच मला माहीत होतं. पण त्याच इंटरव्ह्यूने मला सांगितलं काय शिकायचं ते, पुढचे पाच महिने रात्री मुलगी झोपल्यावर तेच केलं. चार-पाच ठिकाणी जाऊन या, बाजारात आपला भाव काय आणि कमी कुठे पडतो ते आपोआप कळतं, घरी बसून विचार करून ते कधीच कळत नाही.

आता ऑफर आल्यावर. सीटीसीच्या (कंपनीला वर्षाला तुमचा पडणारा एकूण खर्च) आकड्याला भुलू नका, त्यात कंपनीचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) बेसिकच्या 4.81 टक्के धरलेले असतात, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) असतं जे मिळेल तेव्हा खरं. एचआरला सरळ विचारा, महिन्याला हातात किती? आणि मग प्रवास मोजा. मला एक ऑफर लोअर परळची होती, पगार चांगलाच जास्त, पण घणसोली-ठाणे, ठाण्याला पूल चढून गाडी बदला, दादरला परत बदला, घरापासून दीड तास. जाता-येता रोजचे दोन तास दहा मिनिटं जास्त, बावीस दिवसांचे जवळजवळ अठ्ठेचाळीस तास, म्हणजे महिन्याला सहा दिवसांची शिफ्ट फुकट ट्रेनमध्ये. ती मी नाही घेतली. पण हेही सांगते, तिथे काम खरंच वेगळं असतं आणि माझं वय पंचवीस असतं तर मी दादरला लटकत गेले असते. ठाण्याला घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी तर गुगल मॅप रविवारी दुपारी बघून ठरवूच नका, मंगळवारी सकाळी साडेआठला बघा.

तारखेचा हिशोब फार लोक करत नाहीत. पर्मनंट नोकरीत ग्रॅच्युइटीला 5 वर्षं पूर्ण लागतात (फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक वर्षावर मिळते). हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक भागिले 26 गुणिले 15, हे झालं एका वर्षाचं. बेसिक 26,000 असेल तर वर्षाचे 15,000, पाच वर्षांचे 75,000, आणि 4 वर्षं 10 महिन्यांवर शेवटचा दिवस आला तर त्यावरून भांडत बसावं लागतं. 4 वर्षं 240 दिवस पुरतात असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे पण तो घेऊन एचआरसमोर उभं राहण्यापेक्षा दोन महिने थांबलेलं बरं. पाच वर्षांनंतर शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर झाले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणून मी शेवटचा दिवस 7 वर्षं 7 महिन्यांवर आणला आणि 8 वर्षांची घेतली. बोनस एप्रिलच्या पगारात येत असेल तर तो खात्यात पडल्यावरच राजीनामा टाका, बऱ्याच कंपन्या नोटीसवर असलेल्याला देत नाहीत.

आणखी काही, भराभर सांगते. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा, 5 वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, आणि पीएफसोबतच्या पेन्शनला 10 वर्षांची सर्व्हिस लागते ती मोडते. होम लोन घ्यायचं असेल तर आधी घ्या नाहीतर नवीन जागी कन्फर्म झाल्यावर, बँकवाले सॅलरी स्लिप बघतात आणि प्रोबेशन दिसलं की तोंड वाकडं करतात. बाळाचा विचार असेल तर नवीन कंपनीत डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं लागतं, तेव्हा पगारी रजा मिळते, हे इंटरव्ह्यूत कुणी सांगत नाही आणि विचारायला आपल्यालाही अवघड वाटतं. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. सासूबाईंना शुगर आहे, नवीन पर्सनल पॉलिसीत आधीच्या आजाराला 36 महिन्यांपर्यंत वेटिंग असू शकतं, त्यामुळे ती पॉलिसी नोकरी बदलायच्या कितीतरी आधी घेऊन ठेवायला हवी होती, आम्ही उशिरा घेतली.

हातात लेखी ऑफर लेटर आल्याशिवाय राजीनामा नाही, फोनवर "समजा झालंच तुमचं" म्हणणाऱ्यावर तर अजिबात नाही, नाहीतर तेलही गेलं तूपही गेलं. नोटीस तीन महिन्यांची असेल तर नवीन कंपनी थांबेल का किंवा बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटायची सोय) देईल का हे ऑफरच्या वेळीच विचारा. राजीनामा टाकला की जुनी कंपनी एकदम प्रेमात पडते, मला पण पगारवाढ, नवीन डेझिग्नेशन सगळं दोन दिवसांत आलं. मी फक्त माझा कागद काढून बघितला, त्यातल्या दहा गोष्टी गेटवरच होत्या, डेझिग्नेशन बदललं तरी त्या बाहेर येणार नव्हत्या. तुमच्या काउंटर ऑफरमध्ये कामच बदलत असेल तर विचार करा, नुसता पगार वाढत असेल तर नको.

निघताना सॅलरी स्लिप, फॉर्म 16, अप्रेझल लेटर स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा, लॅपटॉप परत गेला की संपलं. त्या वर्षाचा आधीचा पगार आणि कापलेला टॅक्स नवीन कंपनीला सांगा, नाहीतर दोन्ही कंपन्या तुम्हाला टॅक्समधली तीच सूट देऊन बसतात आणि जुलैत रिटर्न भरताना एकदम टॅक्स निघतो. माझे 31,000 निघाले होते.

आणि पीएफच्या साइटवर तुमची एक्झिटची तारीख टाकलीय का ते बघा, ती नसेल तर ट्रान्सफर अडकतो. माझी जुन्या कंपनीने टाकलीच नव्हती, तीन मेल केले, उत्तर नाही. मग कळलं की सोडून दोन महिने झाले की आपली आपणच टाकता येते, आधारचा ओटीपी लागतो फक्त. ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर वाशी गाडीची वाट बघत उभी होते, तिथेच टाकली.