इन्स्टॉल मध्येच अडकतंय? आधी केबल बघा

विंडोज किंवा लिनक्स टाकताना दर वेळी मध्येच गाडी अडते, डिस्क खडखडते. लगेच नवी डिस्क घेऊ नका.

उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. 'डिस्क्स' उघडून ती डिस्क निवडा आणि वरच्या तीन ठिपक्यांतून स्मार्ट डेटा (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) बघा. तिथे दोनच ओळी पाहायच्या.

१९९ क्रमांकाच्या ओळीतला आकडा (सीआरसी एरर, म्हणजे डेटा ने-आण करताना झालेल्या चुका) वाढत असेल, तर बहुतेक वेळा दोष साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलचा असतो. केबल बदला. जुना आकडा शून्यावर येत नाही, त्याने घाबरू नका. तो पुढे वाढायचा थांबला की झालं.

१९७ क्रमांकाचा आकडा (पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेले भाग) शून्याच्या वर असेल, तर मात्र त्या डिस्कवर भरवसा नको. तिची केबल काढून ठेवा आणि लिनक्स सरळ यूएसबीला जोडलेल्या एसएसडीवर टाका. केबल काढायचा कंटाळा केलात, तर बूटलोडर (मशीन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा छोटा प्रोग्राम) त्याच मरतुकड्या डिस्कवर जाऊन बसू शकतो. माझा बसला होता.

फक्त एक: डिस्कवर कामाच्या फाइली असतील तर आधी त्या उतरवून घ्या, फॉरमॅट किंवा दुरुस्तीचे प्रयोग नंतर.