खिशात मावणारं घडीचं माहितीपत्रक

बेळगावचा किल्ला, कमल बस्ती हे जैन मंदिर, येळ्ळूरचा राजहंसगड अशी भटकंती छापायची तर ए४ कागद पुरे. कागद आडवा धरून आधी २१० मिमीची बाजू निम्मी होईल अशी आडवी दुमड, मग तीन उभ्या नागमोडी घड्या. हाती येतं ७४ × १०५ मिमी, म्हणजे शर्टाच्या खिशाचं माप. उलट क्रमाने केलंत तर शेवटची घडी चार थरांतून जाते आणि आतला कागद चुरगळतो.

कागद १०० ते १३० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन). जाड घेतलात तर घडीवर शाई तडकते. मग आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणं, हवंच. उभ्या घड्या जास्त, म्हणून ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, २१० मिमीच्या बाजूला समांतर ठेवायला छापखान्यात सांगा. ग्रेन ओळखायला कागद फाडून पाहा, सरळ फाटतो ती दिशा.

नकाशातली गावांची नावं घडीच्या रेषेवर नकोत, तिथेच अक्षरं आधी झिजतात. जोडाक्षरं ८ पॉइंटखाली बुजतात. आणि गावांची नावं कन्नडमध्येही द्या. बसच्या पाटीशी ताडून पाहता येतात, वाचता येत नसली तरी! खानापूरच्या पावसात न्यायचं असेल तर लॅमिनेशनऐवजी झिपची छोटी पिशवी बरी; लॅमिनेट घडीवर सुटतं.