सब्लिमेशनच्या कामासाठी प्रिंटर निवडताना

कापूर किंवा डांबराच्या गोळ्या न वितळताच हळूहळू नाहीशा होतात, याला संप्लवन म्हणतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. मगवर किंवा टी-शर्टवर छायाचित्र उमटवण्याच्या ‘सब्लिमेशन’ पद्धतीत हेच तत्त्व वापरलेले असते. विशेष शाईने कागदावर छापलेले चित्र हीट प्रेसमध्ये, म्हणजे उष्णता आणि दाब देणाऱ्या यंत्रात, साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की शाईतील रंगद्रव्याचा वायू होतो आणि तो पॉलिस्टरच्या धाग्यांत किंवा मगवरील पॉलिमरच्या लेपात शिरून तिथेच थिजतो. म्हणजे प्रिंटरचे काम कागदापुरतेच असते. मात्र ती शाई कागदावर पोहोचेपर्यंत तापता कामा नये.

प्रिंटरची निवड मुख्यतः याच अटीवर ठरते. घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये शाई फेकण्याच्या दोन पद्धती आढळतात. कॅनन आणि एचपी यांच्या घरगुती प्रिंटरमध्ये नोझलमधील, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रातील, शाई क्षणभर तापवून तिचा बुडबुडा केला जातो आणि त्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. उष्णतेनेच वायुरूप होणाऱ्या शाईसाठी ही रचना योग्य नाही. एप्सन आणि ब्रदर यांच्या इंकजेट प्रिंटरमध्ये शाई फेकणारा भाग, म्हणजे हेड, पिझो प्रकारचे असते, ज्यातील स्फटिक विजेच्या दाबाने किंचित वाकतो आणि शाई न तापवता पुढे ढकलतो. त्यामुळे दुकानदार स्कॅनर, वाय-फाय आणि छपाईचा वेग यांची कितीही वाखाणणी करत असला, तरी आपण पहिला प्रश्न हेडविषयी विचारावा. लेझर प्रिंटरचा तर येथे विचारच नको, कारण त्यात द्रव शाई नसून टोनरची पूड असते.

त्यानंतर आपण नेमके काय बनवणार आहोत हे ठरवावे. नेहमीच्या ११ औंसाच्या मगसाठी सुमारे २०० × ९० मिलिमीटरचे चित्र लागते आणि अशी तीन चित्रे एका ए-४ कागदावर बसतात. म्हणून माउस पॅड, की-चेन आणि मग यांच्यासाठी ए-४ प्रिंटर पुरेसा ठरतो. प्रौढांच्या टी-शर्टच्या छातीवर ए-४ चित्र बहुधा लहान दिसते, तेव्हा तिथे ए-३ आकाराचा खर्च करणे योग्य. मात्र गणेशोत्सवातील मंडळाच्या काळ्या किंवा सुती टी-शर्टांची मागणी गृहीत धरून मोठा प्रिंटर घेऊ नये. या पद्धतीत पांढरी शाई नसते आणि सुती धागा हा रंग धरत नाही, त्यामुळे ते काम कोणत्याही सब्लिमेशन प्रिंटरवर होणार नाही. अक्षरे आणि लोगो यांना चार रंग पुरतात. चेहऱ्यांची छायाचित्रे छापायची असतील, तर फिकट निळा आणि फिकट किरमिजी हे दोन जादा रंग असलेला सहा रंगी प्रिंटर घ्यावा, म्हणजे त्वचेच्या छटा दाणेदार दिसत नाहीत. माझ्या मते, घरून मगचा व्यवसाय सुरू करणाऱ्याने सहा रंगी, शाईच्या टाक्या असलेला ए-४ प्रिंटरच आधी पाहावा. एप्सनचा एल ८०५० या वर्गातला आहे.

कारखान्यातूनच सब्लिमेशनसाठी तयार होऊन येणारे प्रिंटरही मिळतात. त्यांची किंमत जास्त असते, पण वॉरंटी शाबूत राहते. साधा टाकीचा प्रिंटर स्वस्त पडतो, परंतु त्यात दुसरी शाई भरल्यावर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, हे धरूनच हिशेब करावा. असा प्रिंटर नवा कोराच घ्यावा, सोबत आलेल्या शाईच्या बाटल्या उघडूच नयेत आणि पहिल्यापासून सब्लिमेशनची शाई भरावी. एकदा ती भरली, की मुलांच्या प्रकल्पाचे कागद त्यावर छापण्याचा मोह टाळावा लागतो. शाईबरोबर तिचे आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग जुळवणारी संगणकाची फाइल, मिळते का, हेही विचारावे. कागदावर मळकट दिसणारा रंग तापल्यावर खुलतो, आणि तो किती खुलेल याचा मेळ हे प्रोफाइल घालते.

प्रिंटर आठवड्यातून किती वेळा चालेल याचाही प्रामाणिक अंदाज बांधावा. पडून राहिलेल्या प्रिंटरची नोझले सुकतात आणि ती साफ करण्यात बरीच शाई वाया जाऊन टाकाऊ शाईच्या पॅडमध्ये साठते; म्हणून हे पॅड किंवा त्याची पेटी स्वतःला बदलता येईल असे मॉडेल सोयीचे. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला, तर हेड झाकणावर परत न जाता उघडेच राहू शकते. वारंवार वीज जाणाऱ्या गावात यासाठी छोटा यूपीएस घेणे शहाणपणाचे.

आधीपासून सब्लिमेशनच्याच शाईवर चाललेला जुना प्रिंटर घेणार असाल, तर विक्रेत्याने आधीच छापून ठेवलेला नमुना पाहून समाधान मानू नये. आपल्या समोर नोझल चेक, म्हणजे प्रत्येक रंगाच्या रेषांचा चाचणी नमुना, काढायला लावावा आणि एखाद्या रंगाच्या रेषा तुटलेल्या दिसल्या, तर ‘एकदा क्लीनिंग केले की होईल’ या आश्वासनावर पैसे देऊ नयेत. क्लीनिंग तिथेच करायला लावून दुसरा नमुना मागावा.