‘रन’चा अर्थ कसा लावावा

क्लासला नवीन आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात मोबाइल पुढे करतो. त्यावर यादी असते: ‘रनचे पन्नास अर्थ, आजच पाठ करा.’ पाठ करू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने या एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजलेत. त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता, 1989 च्या आवृत्तीत त्याचे 430 अर्थ दिले होते. म्हणजे पन्नास घोकलेत तरी 595 राहिलेच, आणि घोकलेल्या पन्नासातला समोरच्या वाक्यात कुठला बसवायचा ते यादी सांगतच नाही.

मी सोलापुरात इंग्रजी शिकवतो. जोडीला पूर्व भागातल्या टॉवेलवाल्यांची परदेशी पत्रं आणि ऑर्डर शीट मराठीत करून देतो. बरीच वर्षं झाली. खाली लिहितोय ती माझी रोजची पद्धत आहे. कोश कसा उघडायचा, रन-रॅन-रन ही रूपं कुठली, हे तुम्हाला येतं असं धरतो.

पहिलं काम: नाम की क्रियापद ते ठरवा. शब्दाआधी ‘अ’, ‘द’, ‘धिस’ असलं काही असेल तर बहुतेक वेळा नाम. पुढे चला.

दुसरं: ढीग ओळखा. 645 अर्थ असले तरी मोठे ढीग पाचच. पळणं. वाहणं, म्हणजे नदी, नळ, नाक. चालणं किंवा चालवणं, म्हणजे यंत्र, बस, दुकान. एखादी गोष्ट इथून तिथपर्यंत जाणं, जशी तळ्याच्या कडेने भिंत जाते. भिंत जागची हलत नाही, तरी इंग्रजीत ती ‘रन’ होते आणि मराठीतही ‘जाते’च. आणि पाचवा, मुदतीपर्यंत टिकणं, जसा भाडेकरार तीन वर्षं असतो. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: न थांबता पुढे जात राहणं. एवढं डोक्यात असलं की पुरे.

तिसरं: शेजारी बघा. गाडी अडते ती इथे. माझी तर सणकून आपटली होती.

नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका कारखानदाराला परदेशातून टॉवेलची ऑर्डर आली होती, मरून रंग, पांढरी किनार. शीटवर एक ओळ होती: ‘द कलर्स मस्ट नॉट रन.’ मी ढीग बरोबर पाडले, उचलला मात्र चुकीचा. माग चालतो, मोटर चालते, तेव्हा रन म्हणजे चालणं, असं म्हणून मी लिहून दिलं, ‘रंग चालणार नाहीत.’ आता हेच वाक्य इंग्रजी न बघता वाचा. मालकाने तसंच वाचलं. पार्टीला रंग पसंत नाहीत असं समजून त्याने डाइंगवाल्याला फोन करून लॉट थांबवला. तीन दिवसांनी माझ्याकडे आला तेव्हा आवाज शांत होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. ‘सर, हे रंग चालत नाहीत ते कळलं. मग कुठले चालतात ते तरी विचारा की पार्टीला.’ मी इमानदारीत पत्र लिहून विचारलं. पलीकडून उत्तर आलं की रंग आम्ही गेल्याच महिन्यात मंजूर केलेत, तुम्ही कशाबद्दल बोलताय?

त्यांचं म्हणणं साधं होतं: धुतल्यावर रंग जाता कामा नये. सुताला पक्का न बसलेला रंग पाण्यात सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या किनारीवर चढतो, एवढीच भीती. ‘मरून चादर पांढऱ्या कपड्यांत भिजवू नकोस, रंग जातो,’ हे आई मला लहानपणापासून सांगत आली होती. म्हणजे शब्द घरातच होता आणि मी तो कोशात शोधत बसलो.

तेव्हापासून मी आधी तीन प्रश्न विचारतो. रन करतंय कोण? कोणत्या गोष्टीला रन करतंय? आणि मागे शेपूट, म्हणजे ‘आउट’सारखा छोटा शब्द, काय आहे? पहिल्या दोन प्रश्नांतच निम्म्याहून जास्त वाक्यं सुटतात. नाक रन होतं तेव्हा ते गळतं. उमेदवार रन होतो तेव्हा तो निवडणुकीला उभा राहतो. हा अमेरिकन वापर, ब्रिटिश माणूस आपल्यासारखाच ‘स्टँड’ म्हणतो. पेपर बातमी रन करतो म्हणजे छापतो. आई मुलाच्या अंघोळीसाठी बाथ रन करते म्हणजे टबात पाणी सोडते. ‘सिद्धेश्वर एक्स्प्रेस रन्स डेली’ म्हणजे गाडी रोज असते. आणि मित्र म्हणाला, ‘आय विल रन यू टू द स्टेशन,’ तर घाबरू नका, तो तुम्हाला पळवणार नाहीये, गाडीवरून सोडणार आहे. दरवेळी ‘रन’ तेच, अर्थ शेजाऱ्याने दिला.

हे अवघड वाटतं त्यांनी आपल्या ‘लागणे’कडे बघावं. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, नोकरी लागली, निकाल लागला, लग्न लागलं, स्टेशनला जायला अर्धा तास लागला. एवढे अर्थ तुम्हाला कुणी यादी देऊन शिकवले होते का? निकालाशेजारी ‘लागला’ आला की कुणी जखमी झाला असं आपल्याला वाटत नाही. तीच नजर इंग्रजी वाक्यावर ठेवायची. मुलांना ‘लागणे’ फळ्यावर लिहून दिलं की ती हसतात, आणि मग रनची भीती पुष्कळ कमी होते.

या टप्प्यावर दोन गोष्टी बजावून सांगतो. एक, मराठी शब्द आधी उचलू नका, आधी चित्र बघा. मला टॉवेल धुताना दिसायला हवा होता. मला दिसला माग. दोन, तुम्ही निवडलेल्या मराठी शब्दालाही दहा अर्थ असतात हे विसरू नका. ‘चालणे’ हा तर महावस्ताद. दुकान चालतं, डोकं चालत नाही, फाटकी नोट चालत नाही, ‘चहा चालेल का?’ म्हणून मराठी झालेलं वाक्य मी अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवतो ज्याने इंग्रजी बघितलेलंच नाही. त्याला भलतंच काही कळलं तर वाक्य बदलतो, त्याच्याशी वाद घालत नाही. ही पायरी गाळून वेळ वाचतो असं सांगणारे भेटतील. त्यांचा लॉट कधी थांबला नसणार.

आपल्या बाजाराची एक खास खोडही इथेच सांगतो. आपले व्यापारी ‘रनिंग कलर’ म्हणतात तेव्हा सतत खपणारा रंग म्हणतात, कौतुकाने. परदेशी गिऱ्हाईकाला ‘दिस इज अवर रनिंग कलर’ असं लिहून पाठवलंत तर त्याला रंग जाणारा माल डोळ्यांसमोर येईल. ‘फास्ट सेलिंग’ लिहा. सुताराचा ‘रनिंग फूट’ मात्र बिनधोक आहे; तो सरळ लांबीचा हिशेब.

चौथं: शेपूट. मागे लागलेला छोटा शब्द अर्थ पार फिरवतो, म्हणून शेपटासकट पूर्ण जोडी कोशात बघायची, सुटा ‘रन’ नाही. ‘रन आउट’ म्हटलं की क्रिकेटमुळे आपल्या डोक्यात धावबाद. ‘वी हॅव रन आउट ऑफ रेड यार्न’ याचं ‘आमचं लाल सूत धावबाद झालं’ असं भाषांतर एका पठ्ठ्याने मला खरोखर दाखवलं आहे. सूत संपलं, एवढंच. ‘रन इंटू’ पुढे माणूस असेल तर अचानक भेट, खांब असेल तर धडक, आकडा असेल तर खर्च तिथवर जाणं. ‘रन अप’ पुढे बिल असेल तर ते फुगवणं, फ्रॉक असेल तर घाईने शिवून टाकणं. बाकीची कोशात सापडतात.

पाचवं: समानार्थी शब्द. थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, उघडून रनच्या जागी भारी दिसणारा शब्द चिकटवायचा, हा दुसरा वाईट सल्ला. 1852 मध्ये पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने प्रसिद्ध केलेल्या थिसॉरसमध्ये शब्द मुळाक्षरांनी नव्हे, कल्पनांनुसार लावलेले होते. मनात कल्पना आहे आणि शब्द आठवत नाही, अशा माणसासाठी तो होता. शब्दांची अदलाबदल करायला नव्हे. दुकान रन करणं म्हणजे ‘मॅनेज’ करणं, कबूल. पण बाथ कुणी मॅनेज करत नाही. यंत्र ‘ऑपरेट’ होतं, नदी होत नाही, ती ‘फ्लो’ होते.

माझी युक्ती उलटी आहे: आधी विरुद्धार्थी शोधा. यंत्र रन होत नसेल तर काय होतं? बंद पडतं. नदी? आटते. भाडेकरार? संपतो. रंग? पक्का राहतो. उलटा अर्थ सापडला की नेमका सुलटा हाताशी येतो. त्या दिवशी मी स्वतःला एवढंच विचारलं असतं, की रंग ‘रन’ झाला नाही तर काय होईल, तर ‘पक्का राहील’ हे उत्तर लगेच आलं असतं. टॉवेलच्या रंगासाठी इंग्रजीत चालणारा दुसरा शब्द ‘ब्लीड’. तो शीटवर दिसला तर मराठीत रक्त आणू नका.

वहीत सुटा शब्द लिहू नका, सबंध वाक्य लिहा, शेजाऱ्यांसकट. सरावाला माझ्या वहीतलं हे घ्या: ‘द फर्स्ट रन ऑफ 500 टॉवेल्स मस्ट बी रेडी बिफोर वी रन आउट ऑफ स्टॉक, अँड द बॉर्डर मस्ट रन द फुल लेंग्थ.’ पहिला रन नाम आहे, म्हणजे खेप. दुसऱ्याला शेपूट आहे. तिसऱ्याचा शेजारी किनार आहे, आणि ती भिंतीसारखीच जागची हलत नाही. ‘आमचा साठा संपायच्या आत 500 टॉवेलची पहिली खेप तयार हवी, आणि किनार टॉवेलच्या पूर्ण लांबीभर गेलेली हवी.’